मैदान कुणामुळे भरतं?

१९५२ साल. कराडात माणसांची रीघ लागलेली. ढोल, लेझीम, फटाके, आणि शंभराहून जास्त सजवलेल्या बैलगाड्या. एरवी पाव तासात संपणारा कराड ते गोळेश्वर हा रस्ता त्या मिरवणुकीला सरता सरेना, जायला काही तास लागले असं जुनी माणसं सांगायची. मधे बसलेला माणूस होता सत्तावन्न किलो वजनाचा, अंगानं किरकोळ. खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देऊन ते गावी परत येत होते.

ही गोष्ट आपल्याकडं शाळेत सांगतात, १५ जानेवारीला म्हणजे खाशाबांच्या जन्मदिवशी आता राज्य क्रीडा दिनही साजरा होतो. पण या गोष्टीतली दोन टोकं शेजारी ठेवून आपण कधी बघत नाही.

पहिलं टोक हेलसिंकीचं. तिथं खाशाबांची जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती झाली, पंधरा मिनिटांच्या आसपास चालली, खाशाबा हरले. अंगातलं पाणी सुकलेलं. आणि लगेच त्यांना सोव्हिएत पैलवान रशीद मामेदबेयोव्हबरोबर उभं राहायला सांगितलं. नियमाप्रमाणं दोन कुस्त्यांच्या मधे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला पाहिजे होती. पण "अहो, नियम काय सांगतो?" असं विचारायला मॅटच्या कडेला आपला एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगानं उतरले, हरले आणि कांस्यपदक घेऊन आले. इशीला सुवर्ण, मामेदबेयोव्हला रौप्य.

दुसरं टोक कराडच्या बैलगाड्यांचं.

म्हणजे जिथं आपल्या माणसांची गरज होती तिथं एक माणूस नाही, आणि गावी हजारो. यात कुणाला दोष द्यायचा नाही. गोळेश्वरची माणसं हेलसिंकीला कशी जाणार? खाशाबांनाच जायला पैसे नव्हते. दारोदार वर्गणी मागितली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, तेव्हा खाशाबा बोटीत, विमानात बसले.

आणि मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग, जो फारसा सांगितला जात नाही. परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान लावलं. स्वतः लढले. लोक तिकीट काढून बघायला आले. त्या पैशातून त्यांनी खर्डेकर सरांचं गहाण पडलेलं घर सोडवलं.

भारताच्या त्या पदकाचं कर्ज असं फेडलं गेलं. प्रेक्षकांनी फेडलं. मैदानाच्या कडेला मातीत बसून, बिडी शिलगावून, "आरं पट काढ की!" म्हणून ओरडणाऱ्या माणसांनी फेडलं.

म्हणून आजची ही पोस्ट पैलवानांवर नाही. पैलवानांवर पुष्कळ लिहून झालंय. ही पोस्ट मैदानाच्या कडेला बसणाऱ्यांवर आहे.

एकच जिल्हा, एकच गर्दी

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. सातारा आणि सांगली हे आपण आज दोन जिल्हे म्हणतो, पण ही वाटणी तशी अलीकडची. १९४९ च्या ऑगस्टमध्ये "दक्षिण सातारा" जिल्हा वेगळा निघाला. त्याला सांगली हे नाव मिळालं २१ नोव्हेंबर १९६० रोजी. आमच्या आजोबांच्या पिढीला कुंडल, औंध, कराड, वाळवा, शिराळा हे सगळं एकाच पट्ट्यातलं. जत्रा कुठली, मैदान कुठलं, एवढंच ते विचारायचे. जिल्हा कुठला हे तलाठी विचारायचा.

या पट्ट्यात त्या काळी ब्रिटिश मुलूख आणि संस्थानं यांची गोधडी होती. सांगलीचे पटवर्धन, औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर. कुंडल आणि किर्लोस्करवाडी औंध संस्थानात. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांनी झपाटलेला राजा, संस्थानातल्या शाळांमधून त्यांनी पोरांकडून नमस्कार घालून घेतले. शेजारी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज. १९०२ मध्ये महाराज युरोपला गेले, रोमचं कलोसियम बघून आले आणि पुढं खासबागेत कुस्तीचं मैदान बांधून घेतलं. १९१२ मध्ये ते सुरू झालं.

खासबागेचं बांधकाम एकदा नीट बघा. मधे हौद आणि भोवती वर वर चढत जाणारी बैठक. कितीही लांब बसा, पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही ते दिसलं पाहिजे, असा सगळा हिशेब. राजा मैदान बांधतो तेव्हा स्वतःच्या गादीचा विचार करतो. या राजानं शेवटच्या रांगेतल्या माणसाचा विचार केला. कुस्तीचा प्रेक्षक हा नुसता बघ्या नाही, साक्षीदार आहे, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

खेड्यापाड्यात असं बांधकाम कुठून आणायचं? तिथं निसर्गानं सोय केली. डोंगराचा उतार, ओढ्याची दरड, तळ्याचा बांध. उतारावर माणसं बसली की झाली गॅलरी. उशिरा आलेली पोरं झाडावर, त्याहून उशिरा आलेली एसटीच्या टपावर. आजही कुंडलच्या मैदानाचं नाव काढलं की पैलवानांच्या आधी लोकांना आठवतो तो डोंगराकडंला बसलेला माणसांचा सागर.

आणि सांगलीकराला बघायला शिकवावं लागत नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी "सीतास्वयंवर" केलं ते सांगलीतच. नाटकाला दाद कुठं द्यायची आणि कुठं गप्प बसायचं हे कळणारी ही माणसं. तीच मैदानातही बसतात.

राजे गेले, मैदान राहिलं

मार्च १९४८ मध्ये सांगली, औंध ही संस्थानं विलीन झाली. वर्षभरानं कोल्हापूर. पैलवानाचा खुराक ज्या वाड्यातून यायचा तो वाडा बंद झाला. खरं तर कुस्ती तिथंच संपायला हवी होती. देशात पुष्कळ ठिकाणी राजाश्रय गेल्यावर कला गेल्या.

इथं तसं झालं नाही. याचं कारण म्हणजे जत्रा कमिटी.

गुढीपाडवा झाला की आपल्याकडं गावोगावच्या यात्रा लागतात. देवाची पालखी, छबिना, तमाशा आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्या. घरटी वर्गणी ठरलेली. ज्याचं पोट हातावर आहे तोही वर्गणी चुकवत नाही, आणि मुंबईत माथाडी म्हणून, गिरणीत म्हणून गेलेला माणूस जत्रेला परत येतो, तोही पाकीट उघडतो. इनामं या पैशातून. पुढं सहकारी साखर कारखाने उभे राहिले, त्यांनी पैलवानांना मानधन सुरू केलं, मोठ्या मैदानांना हातभार लावला. पण पाया वर्गणीचा.

वर्गणी दिलेल्या माणसाची गर्दी वेगळी असते. तिकीट काढून आलेला म्हणतो, माझी करमणूक करा. वर्गणी दिलेला म्हणतो, हे माझं मैदान आहे, इथं भाकड कुस्ती झाली तर माझ्या गावाची अब्रू जाईल. तो पाव्हण्याला पुढं बसवतो, स्वतः मागं उभा राहतो. हा फरक नीट धरून ठेवा, शेवटी लागणार आहे.

या मातीनं काय दिलं? १९६० मध्ये शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. १९६४ मध्ये कवठेपिरानचे मारुती माने. आणि या दोघांनी मधे १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत काय केलं? दोघांनी मिळून दोन सुवर्ण आणि दोन रौप्य. आंदळकरांचं सुवर्ण तर ग्रीको-रोमनमधलं, जिथं कमरेखाली हात लावायचा नाही. एकेरी पट, दुहेरी पट काढत वाढलेल्या माणसानं पटच वर्ज्य असलेल्या प्रकारात सुवर्ण आणलं. एका जिल्ह्याच्या दोन गावांनी एका आशियाई स्पर्धेत चार पदकं! आजची गावं हे वाचून कॉलर ताठ करतील, करावीच. पण मग पुढचा प्रश्नही विचारायला पाहिजे. तसं आज का होत नाही? त्याकडं येतो.

मैदानातला एक दिवस

ज्यांनी मैदान बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (बघितलं असेल तर वाचून घ्या, बरं वाटेल.)

सकाळी हौदात माती तयार होते. तांबडी माती चाळलेली, त्यात तेल, ताक, लिंबू, कापूर आणि हळद. सांगलीच्या बाजारात हळदीला तोटा नाही. दुपारी ऊन उतरायच्या आधीच बारकी पोरं लंगोट लावून हजर. या रेवड्यांच्या, नारळाच्या कुस्त्या. पाच-सहा वर्षांची पोरं, कुस्ती कमी आणि लोळणं जास्त. पण गर्दी या पोरांनाही टाळी देते. पोराच्या हातात दहाची नोट कोंबायला कुठला तरी म्हातारा उठून हौदापर्यंत चालत येतो. पुढं ते पोरगं तालमीत टिकलं तर त्या दहा रुपयांमुळं टिकलं, हे त्या म्हाताऱ्याला कधी कळत नाही.

मग जोड लावायचं काम. कोण कुणाशी लढणार हे कमिटी, वस्ताद आणि कधीकधी गर्दीसुद्धा ठरवते. पैलवान कपडे काढून हौदाभोवती फेरी मारतो, मांडी थोपटतो. समोरून कुणीतरी उतरतो. अंगलट बघतात, वजन बघतात. "जोड बारीक हाय, सोडा!" असं चार बाजूंनी आलं तर जोड मोडतेसुद्धा. तराजू नाही, कागद नाही. हजार डोळे हाच वजनकाटा.

आणि हलगी. हलगीवाला आधी बाजूला जाळ करून कातडं शेकून घेतो. कातडं ताणलं की आवाज कडक निघतो. आता फायबरच्या हलग्या आल्यात, त्यांना जाळ लागत नाही, पण जुने कान फरक ओळखतात. हलगी, घुमकं, कैताळ. खडाखडी चालू असते तेव्हा ठेका संथ. पैलवान पकडीत गेले की ठेका चढतो. हलगीवाला कुस्तीकडं बघून वाजवतो आणि गर्दी हलगीकडं कान देऊन श्वास घेते. कुणी कुणाला खुणावत नाही, तरी सगळ्यांचा ताल एक.

लाऊडस्पीकरवरचा निवेदक हा आणखी एक खांब. कोथळीच्या शंकर पुजारींसारख्या निवेदकांनी या कामाला प्रतिष्ठा दिली. पैलवान कुठल्या गावचा, वस्ताद कोण, तालीम कुठली, बापानं कुठं कुठं मैदान मारलं, सगळं तोंडपाठ. त्या पोराच्या मागं अख्खं गाव उभं आहे हे निवेदक लोकांना सांगतो, आणि त्या पोरालाही सांगतो.

आरडाओरडा तर असतोच. "घिस्सा मार!" "एकलांगी लाव!" "ढाक, ढाक!" ज्यांनी जन्मात लंगोट लावला नाही तेही डाव सांगतात. पण खरं मैदान ओळखायचं ते शांततेवरून. मोठ्या कुस्तीत पैलवान चितपटीच्या बेतात येतो, खालचा पैलवान मानेवर पूल करून पाठ वाचवत असतो, तेव्हा वीस-पंचवीस हजारांची गर्दी एकदम गप्प होते. हलगीसुद्धा थांबते. आणि पाठ लागली की मग जो काय आवाज उठतो! फेटे आकाशात उडतात, माणसं हौदात उड्या घेतात, पोलिसांच्या काठ्या, कमिटीच्या विनवण्या, कुणी ऐकत नाही.

प्रेक्षक हाच पंच

या गर्दीकडं एक अधिकार होता, तो म्हणजे निकाल मान्य करण्याचा.

मातीतल्या कुस्तीचा निकाल सोपा. पाठ लागली, हरला. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतं. पंचाला चलाखी करायला जागा कमी. आणि दोघांनी ठरवून केलेली नुरा कुस्ती असली तर गर्दीला दोन मिनिटांत वास येतो. "काढा बाहेर!" सुरू होतं, आणि कमिटीला ती कुस्ती सोडवावी लागते, इनाम कापावं लागतं. ज्या पैलवानाचं नाव नुरा कुस्तीत आलं त्याला पुढच्या गावात बोलावणं येत नाही. कुठलं मंडळ नाही, शिस्तपालन समिती नाही, तरी शिक्षा पक्की.

मॅट आली आणि हे बदललं. मॅट यायलाच हवी होती, हे आधी सांगतो. जगात कुस्ती मॅटवर होते, गुणांवर होते, मिनिटांवर होते. मातीच्या भाबड्या प्रेमापोटी मॅटला शिव्या देणाऱ्यांतला मी नाही. खाशाबांनाही पहिल्यांदा लंडनला १९४८ मध्ये मॅटशीच झगडावं लागलं, तिथं ते सहावे आले, चार वर्षांत शिकले आणि पदक आणलं.

पण एक गोष्ट हरवली. दोन गुण की चार गुण, खांदा धोक्यात होता की नव्हता, हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसत नाही. साक्षीदाराचा नुसता बघ्या झाला. आणि बघ्याच्या हातात आला मोबाईल.

परिणाम आपण बघितलाय. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी झाली. सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत एका डावाला चार गुण दिले आणि पुढं कित्येक दिवस अख्खा महाराष्ट्र दहा सेकंदांचा व्हिडिओ मागं-पुढं करत बसला. पंचाला धमकीचे फोन गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला तर शिवराज राक्षेनं निकालावरून पंचाची कॉलर धरली, लाथ मारली, तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. पंच चुकले की नाही हा वेगळा विषय. पण मैदानातल्या गर्दीचा राग मैदानातच विरायचा, कारण तिथं समोरासमोर बसलेली माणसं असायची. शेजारचा म्हणायचा, "आरं, लागली होती पाठ, मी बघितली," आणि विषय मिटायचा. मोबाईलवरच्या गर्दीला शेजारी नसतो.

आणि मोबाईलवरच्या गर्दीत तुम्ही-आम्ही सगळे होतो. मीसुद्धा तो व्हिडिओ चार ग्रुपवर पाठवला होता. कुस्ती पूर्ण बघितली नव्हती.

या गर्दीत कोण नव्हतं?

मैदानाचं कौतुक करताना एवढं लिहिलं, आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर ही पोस्ट जत्रेच्या फ्लेक्ससारखी होईल.

पहिली गोष्ट, बायका नव्हत्या. "अख्खं गाव लोटलं होतं" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात निम्मं गाव धरलेलंच नसतं. जत्रेचा नैवेद्य रांधणाऱ्या, पाव्हण्यांच्या पंगती उठवणाऱ्या बायकांनी मैदान कधी बघितलं नाही. पैलवानाच्या आईनं आपल्या पोराची कुस्ती बघितली नाही. ती देवघरापुढं बसून हलगीच्या आवाजावरून अंदाज बांधायची. कित्येक घरांमधून हेच ऐकायला मिळतं.

म्हणून मार्च २०२३ मला मोठा वाटतो. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली ती सांगलीत, आणि जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं, कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून. घरच्या गर्दीपुढं घरची पोरगी. फोटोत प्रतीक्षाच्या खांद्यावरची गदा सगळ्यांनी बघितली. मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या प्रेक्षकांत बसलेल्या पोरी. कुस्तीच्या प्रेक्षकांत बसणं हाही एक हक्क आहे, आणि तो त्यांना फार उशिरा मिळाला.

दुसरी गोष्ट हलगीवाल्यांची. मैदानाचा प्राण ज्यांच्या हातात, ते हात बहुतेक गावकुसाबाहेरच्या समाजातले. त्यांच्या ठेक्याशिवाय मैदान उठत नाही. पण मानाच्या फेट्यांची यादी वाचली जाते तेव्हा त्यांचं नाव कितव्या नंबरवर येतं? बऱ्याच ठिकाणी येतच नाही. अलीकडं काही मैदानांत हलगीवादकांचा सत्कार होतो, त्यांची नावं जाहिरातीवर छापतात, ही चांगली सुरुवात आहे. पण मानधन? पहिल्या नंबरच्या कुस्तीचं इनाम लाखांत गेलं. त्या मानानं हलगीचं काय वाढलं, हे प्रत्येकानं आपापल्या कमिटीला विचारावं.

आणि आमची कॉलेजं

आता मूळ दुखण्यावर येतो.

मागं एकदा एका कॉलेजच्या मैदानावर विभागीय स्पर्धा बघायला गेलो होतो. कबड्डी होती, शेजारी बास्केटबॉल. कॉलेज कुठलं ते सांगत नाही, कारण सगळीकडं हेच चित्र आहे. कामाचा वार, दुपारी साडेबाराची वेळ. मैदानावर दोन संघ, पंच, दोन्हीकडचे सर आणि सावलीला झोपलेलं एक कुत्रं. खिडकीतून डोकावणाऱ्या पोरांना कुणीतरी "तासाला बसा" म्हणून हाकललं. यजमान कॉलेजचा संघ खेळत होता आणि त्या कॉलेजमधल्या पोरांना ते माहीतही नव्हतं. एक पोरगं काय चढाया करत होतं! त्यानं तीन गडी मारून आणले आणि टाळी वाजवली ती त्याच्याच सरांनी.

हीच पोरं त्याच आठवड्यात गावच्या मैदानाला दहा हजारांच्या गर्दीत बसलेली असतात. म्हणजे माणसं नाहीत असं नाही, आवड नाही असंही नाही.

जगात कॉलेजच्या खेळाला किती गर्दी होऊ शकते हे बघायचं तर अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल बघावं. ड्यूक विद्यापीठाचं हॉल जेमतेम साडेनऊ हजारांचं, पण मोठ्या सामन्याच्या तिकिटासाठी विद्यार्थी थंडीत तंबू ठोकून राहतात. कॅन्सस विद्यापीठाच्या हॉलमध्ये २०१७ मध्ये प्रेक्षकांच्या ओरडण्याचा आवाज १३०.४ डेसिबल मोजला गेला. आणि गंमत बघा, १८९१ मध्ये ज्यानं बास्केटबॉल शोधला तो जेम्स नेस्मिथ याच कॅन्ससमध्ये शिकवायला होता. खेळाचा जनक घरात असला तरी गर्दी आपोआप होत नाही. त्यांनी ती पिढ्यान् पिढ्या जोपासली. संध्याकाळी सामने ठेवले, विद्यार्थ्यांना कोर्टाच्या अगदी कडेची जागा दिली, बँड दिला, ठरलेल्या आरोळ्या दिल्या. श्रीमंत प्रेक्षक वर, विद्यार्थी खाली. आपल्याकडं सोफे खाली आणि पोरं मागं.

त्यांच्याकडचा पैसा आपल्याकडं नाही, आणि त्यांच्या कॉलेज खेळात पैशानं जे घोटाळे झाले ते आपल्याला नकोतही. पण त्यांच्या गर्दीत जे आहे ते सगळं आपल्या जत्रेत आधीपासून आहे. हलगी आहे, निवेदक आहे, जवळची बैठक आहे, गावाचं नाव आहे. फक्त ते कॉलेजच्या फाटकाच्या आत कधी आलं नाही.

आणि ही कॉलेजं काही परक्यांची नाहीत. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज कर्मवीर अण्णांनी १९४७ मध्ये काढलं, रयतेच्या मूठमूठ धान्यावर चाललेल्या संस्थेचं ते कॉलेज. अण्णा स्वतः तालमीत रमलेले. सांगलीचं विलिंग्डन तर १९१९ पासूनचं. १९६२ पासून सातारा, सांगली, कोल्हापूर ही तिन्ही एका शिवाजी विद्यापीठाखाली. म्हणजे वर्गणी आपलीच आहे. फरक इतकाच की जत्रेच्या वर्गणीचा हिशेब आपण मागतो, कॉलेजच्या जिमखाना फीचा मागत नाही.

खाशाबांची कहाणी पुन्हा आठवा. राजाराम कॉलेजात हे किरकोळ अंगाचं पोरगं खेळात घ्यायलाही आधी कुणी तयार नव्हतं. प्राचार्यांनी उतरू दिलं. ते प्राचार्य मैदानाकडं बघणारे होते म्हणून ते पोरगं दिसलं, आणि दिसलं म्हणून पुढं घर गहाण ठेवायची हिंमत झाली. रिकाम्या मैदानावर तसलं पोरगं आजही चढाया करत असेल. बघायला कुणी नाही.

करता काय येईल?

फार मोठं नाही. चार गोष्टी.

एक, विभागीय सामने दुपारी साडेबाराला न ठेवता संध्याकाळी पाचला ठेवा. निदान अंतिम सामना तरी. दोन, यजमान कॉलेजनं त्या दिवशी शेवटचे दोन तास सोडावेत आणि आसपासच्या शाळांनाही बोलवावं. रेवड्यांच्या कुस्तीसारखा लहान पोरांचा एखादा सामना आधी ठेवा, पोरांबरोबर आई-बापही येतात. तीन, हलगी आणा, निवेदक आणा, त्यांना मानधन द्या. खेळाडूचं नाव, गाव, शाळा माईकवर सांगू द्या. चार, मुलींच्या सामन्यांना तीच वेळ, तीच हलगी, तेच माईक.

२०२० आणि २१ मध्ये करोनामुळं यात्रा बंद होत्या. हौद कोरडे पडले, पैलवानांनी खुराकापायी दूध बंद केलं, कुणी मजुरीला गेले. आणि मग एप्रिल २०२२. पाडव्याला निर्बंध उठले आणि त्याच आठवड्यात साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर महाराष्ट्र केसरी सुरू झाली. मधेच वळवाचा पाऊस आला, मॅट भिजली, कुस्त्या थांबल्या. लोक घरी गेले? नाही. पाऊस ओसरायची वाट बघत थांबले. शेवटी कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटलानं गदा उचलली. साताऱ्याचा पैलवान नव्हता, तरी सातारकरांनी त्याला खांद्यावर घेतलं. वर्गणीवाल्या गर्दीचं हेच वैशिष्ट्य. मैदान आपलं, मग जिंकणारा कुठलाही असो, तो आपला पाव्हणा.

दोन वर्षं माणूस माणसाजवळ बसू शकला नव्हता. त्या भिजलेल्या गॅलरीत खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसांना कळलं असणार की आपण नुसती कुस्ती बघायला येत नाही.

खाशाबांच्या बाजूनं हेलसिंकीत एक आवाज असता तर अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली असती. पदकाचा रंग बदलला असता का, कुणास ठाऊक. पण ते एकटे पडले नसते. तुमच्या तालुक्याच्या कॉलेजात यंदा जे पोरगं किंवा पोरगी खेळणार आहे, ते एकटं पडू नये एवढं तर आपल्या हातात आहे. वर्गणी नको, घर गहाण नको. तासभर जाऊन कडेला बसायचं.

तुमच्या गावच्या मैदानाची आठवण खाली जरूर लिहा. आणि कॉलेजात असताना तुम्ही कधी आपल्याच कॉलेजचा सामना बघायला गेला होता का, तेही खरं खरं लिहा. मी गेलो नव्हतो.